पेढे वाट, पण तिकीट काढू नकोस

कॅनडाची पीआर, म्हणजे स्थायी निवास, मंजूर झाल्याचं कळलं की पहिला फोन आईला जातो, आणि अभिनंदन करून झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात आई विचारते, "मग यंदा गणपतीला येतेस ना?" तिचं काहीच चुकत नाही. पण तू लगेच हो म्हणू नकोस. पेढे वाट, मैत्रिणींना घरी बोलाव, हवं तर दोन दिवस रजा टाक. तिकीट मात्र इतक्यात काढू नकोस.

मी वकील नाही की कन्सल्टंट नाही. वयानं आणि कॅनडातल्या हिवाळ्यांनी तुझ्यापेक्षा मोठी आहे, एवढंच. पण एक गोष्ट वर्षानुवर्षं बघते आहे. अर्ज भरताना आपल्या मुली पै न् पै जुळवतात, प्रत्येक नोकरीची तारीख तीनदा तपासतात. आणि मंजुरी आली की अशा सैलावतात की पुढची ईमेलही चार दिवस न उघडता पडून राहते. महागात पडलेले घोळ मी पाहिले ते बहुतेक मंजुरीनंतरचे. आणि त्यातले निम्मेअधिक कुणाला तरी काहीतरी वेळेवर न सांगितल्यामुळे झालेले.

तर आधी हे समजून घे की मंजुरी आली म्हणून तू आज पीआर झालेली नाहीस. तू वर्क परमिटवर इथेच, ब्रॅम्प्टनला किंवा स्कारबरोला राहतेस असं धरून चालते. तुला इमिग्रेशन खात्याकडून ईमेल येतील. एकीत विचारतील, तू कॅनडात आहेस का. मग दुसरीतून पोर्टलमध्ये शिरायची सोय होईल. तिथे तू देशात असल्याचं जाहीर करायचं, पत्ता द्यायचा, कार्डासाठी फोटो चढवायचा. ते तपासून झालं की तुझं ई-सीओपीआर, म्हणजे स्थायी निवासाचा दाखला, त्याच पोर्टलवर येतो. त्यावर जी तारीख असेल त्या दिवशी तू पीआर झालीस. आदल्या दिवसापर्यंत नव्हतीस. ती तारीख कुठेतरी ठळक लिहून ठेव, पुढे दहा ठिकाणी लागते.

या ईमेल जंकमध्ये जाऊन बसतात, तेव्हा तिथेही रोज डोकाव. अर्ज करताना कन्सल्टंटनं त्याचाच ईमेल दिला असेल तर आजच त्याला फोन कर. पोर्टलच्या या कामाला फी नाही आणि पहिल्या कार्डालाही वेगळी फी नाही. कुणी 'लँडिंगचे चार्जेस' म्हणून पैसे मागितले तर कशाचे ते लेखी माग. आणि "मी कॅनडात आहे" असं जाहीर करताना खरोखरच कॅनडात अस. शनिवारी बफेलोला खरेदीला गेलेली असताना मॉलच्या पार्किंगमध्ये बसून ते करायचं नाही.

फोटोचंही सांगते. दुकानात 'पासपोर्ट साइझ' एवढंच म्हणून भागत नाही. पीआर कार्डासाठी डिजिटल फोटो हवा असं स्पष्ट सांग. घरी पांढऱ्या भिंतीपुढे मैत्रिणीनं काढलेला फोटो मागे सावली पडली म्हणून परत येतो आणि काही आठवडे फुकट जातात.

दाखला आला की त्यावरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर अक्षर न् अक्षर वाच. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं आणि पासपोर्टवर ते तुझ्या नावाच्या रकान्यात बसलेलं असतं. इथे मग ते तुझ्या नावाचाच भाग होतं. ते तसंच राहू दे. सगळीकडे पासपोर्टवर आहे तेच, त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगनं. लग्न झालेल्यांना तर माझं कळकळीचं सांगणं आहे: मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायची आपली पद्धत असेल, सासरची घाई असेल, तरी कार्ड हातात पडून बाकीची कागदपत्रं मार्गी लागेपर्यंत पासपोर्टवरच्या नावाला हात लावू नका. एका बाईची दोन नावं झाली की प्रत्येक खिडकीवर 'ही तुम्हीच का' हे सिद्ध करत बसावं लागतं.

आता तिकिटाचं. ई-सीओपीआर हा तू पीआर असल्याचा पुरावा आहे, पण तो दाखवून परदेशातून विमानात चढता येत नाही. त्यासाठी कार्डच लागतं. इथेच मुली फसतात, कारण पासपोर्टमध्ये जुना व्हिसा असतो, त्यावरची तारीखही अजून उलटलेली नसते. 'कार्ड नाही आलं तर व्हिसावर येईन की परत,' असा हिशोब होतो. अगं, तो व्हिसा तात्पुरत्या रहिवाशाचा. तू आता तात्पुरती राहिलीच नाहीस. कार्ड नसताना भारतातून परत यायचं तर तिथून प्रवासाच्या कागदासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, पन्नास डॉलर फी भरायची, पासपोर्ट द्यायचा आणि वाट बघायची. इकडे रजा संपते, बॉसचे मेसेज सुरू होतात. आजी अंथरुणाला खिळली असेल तर जाच, त्याला माझा विरोध नाही. पण परतीचा हा उपद्व्याप माहीत असताना जा. चुलत भावाच्या साखरपुड्यासाठी मात्र नको.

कार्डांचं काम नोव्हा स्कोशियातल्या सिडनीच्या केंद्रात चालतं (ऑस्ट्रेलियातल्या नव्हे, एका मावशींनी घाबरून विचारलं होतं) आणि कार्ड टपालानं येतं, फक्त कॅनडातल्याच पत्त्यावर. बेसमेंटमध्ये राहत असशील तर घरमालकिणीला आधीच सांगून ठेव की सरकारी पाकीट येणार आहे. पत्त्यात 'बेसमेंट' किंवा युनिटचा नंबर घाल, पेटीवर तुझं नाव चिकटव. मधेच घर बदललंस तर खात्याला नवा पत्ता कळव आणि कॅनडा पोस्टकडे टपाल वळवायची सोय करून घे. पीआर झाल्यापासून १८० दिवसांच्या आत पत्ता पोहोचला नाही तर पहिल्या कार्डासाठीही नव्यानं अर्ज करून पन्नास डॉलर भरावे लागतात.

आता जे बोलायला अवघड वाटतं तेच बोलते.

तुझ्या आईनं गणपतीबरोबर आणखी एक गोष्ट ठरवलेली असते. मुलगी पीआर झाली म्हटल्यावर स्थळं वाढतात, आणि मंजुरी ते ई-सीओपीआर या मधल्या काळातच नेमका एखादा 'फार चांगला' मुहूर्त निघतो. नाही. साखरपुडा कर, सुपारी फोड, हॉल बुक कर. लग्न मात्र दाखल्यावरची तारीख उलटल्याशिवाय करू नकोस. अर्जात तू अविवाहित आहेस. पीआर होण्याच्या क्षणी तुला नवरा असेल आणि तो तू कळवलेला नसेल, त्याची तपासणी झालेली नसेल, तर पुढे तू त्याला जोडीदार म्हणून स्पॉन्सर करू शकत नाहीस. कॅनडाच्या नियमांत हे कलम ११७(९)(ड) म्हणून आहे आणि त्यानं कित्येक संसार वर्षानुवर्षं दोन खंडांत ठेवले आहेत. शिवाय माहिती दडवली म्हणून तुझ्या स्वतःच्या पीआरवर गदा येते ती वेगळीच.

"पण ताई, नोंदणी नंतर करू ना, मग कुणाला कळतंय?" हे मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. आपल्याकडे लग्न विधींनी लागतं. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे, त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं असं लिहिलंय. नोंदणी हा नुसता पुरावा. आणि पुढे नवऱ्याला बोलावताना तूच लग्नाचे फोटो, पत्रिका, हॉलची पावती जोडणार आहेस, त्यावर तारीख असेलच की. लग्नाशिवायच एखाद्याबरोबर एक वर्ष एकाच घरात जोडीनं राहत असशील, तर इथे तोही नवऱ्यासारखाच धरतात, हेही आईला न सांगता ऐकून ठेव.

लग्न आधीच झालं असेल, अर्ज केल्यानंतर पण पीआर होण्याआधी, तर पोर्टलमध्ये पुढे जाऊ नकोस. थांब, खात्याला कळव, लग्नाचे कागद दे, नवऱ्याची वैद्यकीय तपासणी होऊ दे. फाईल काही महिने लांबेल. लांबू दे. बाळाचंही तसंच, मधल्या काळात झालेलं मूल कळवायचंच, मग ते नाशिकला झालेलं असो की टोरांटोला. न कळवलेल्या कुटुंबीयांसाठी सरकारनं काही काळापुरती सवलत दिलेली आहे, हे कुणी सांगेल. खरं आहे ते. पण आपल्या संसाराचा पाया असल्या सवलतीवर घालू नये.

दाखला हातात आला की पहिलं काम सिन नंबरचं. तुझा सध्याचा नंबर ९ नं सुरू होतो, तो तात्पुरत्या रहिवाशांचा. नवा घ्यायचा, फुकट मिळतो. मिळाला की ऑफिसच्या पेरोलला, बँकेला आणि कर खात्याला कळव. टीएफएसए किंवा आरआरएसपी काढलं असेल तर तिथेही. बँकेत बदलतात आणि गुंतवणुकीचं विसरतात, हे ठरलेलं. वर्षअखेरीचा टी-४ आला की त्यावर कुठला नंबर छापलाय बघ.

मग हेल्थ कार्ड. वर्क परमिट संपतं त्याच दिवशी तेही संपणार असेल, तर ई-सीओपीआरची छापील प्रत आणि पत्त्याचा पुरावा घेऊन सर्व्हिसऑन्टारियोत जा. ड्रायव्हिंग लायसन्सला पीआरमुळे काही करायचं नसतं. कॉलेजात शिकत असशील तर रजिस्ट्रारकडे त्याच आठवड्यात जा, कारण पीआरची फी परदेशी विद्यार्थ्याच्या फीपेक्षा खूप कमी असते आणि ती कुठल्या सत्रापासून लागू करायची याची प्रत्येक कॉलेजची स्वतःची शेवटची तारीख असते.

आता तिकडून, भारतातून, थेट येणाऱ्या माझ्या बायांनो, तुम्ही जरा पुढे सरका. तुमची तऱ्हा वेगळी. तुम्हाला पासपोर्ट मागवतील, तो व्हीएफएसमार्फत जाईल आणि व्हिसाचा चिकटा लागून सीओपीआरसह परत येईल. त्यावर शेवटची तारीख असते. ती बहुतेक वेळा वैद्यकीय तपासणी झाल्यापासून वर्षभराची, पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर तेवढीच. ती सहसा वाढवून मिळत नाही. मुलांची परीक्षा होऊ दे, भावाच्या घराची वास्तुशांत होऊ दे, असं करत ती तारीख जवळ आणू नका. मुख्य अर्जदारानं आधी किंवा सगळ्यांबरोबर उतरायचं. नवऱ्याच्या नावावर फाईल असेल तर बायकोमुलांना त्याच्याआधी उतरता येत नाही. विमानतळावर अधिकारी लग्न, मुलं, गुन्हा असे साधे प्रश्न विचारतो आणि सही घेतो. सही करण्यापूर्वी कागद वाचा. मागे रांग असली तरी वाचा. चूक दिसली तर तिथेच बोट ठेवा, घरी गेल्यावर तीच दुरुस्त करायला अर्ज आणि महिने लागतात.

आणि सोनं! यावर मी तासभर बोलू शकते. पहिल्यांदा उतरताना कस्टम्सला सामानाच्या दोन याद्या द्यायच्या असतात. एक बरोबर आणलेल्याची, दुसरी नंतर येणाऱ्याची. फॉर्मचं नाव बीएसएफ १८६. तुमच्या मालकीच्या, तुमच्या ताब्यातल्या आणि तुम्ही वापरलेल्या वस्तू यादीत असल्या की त्या नंतर आणल्या तरी ड्यूटी लागत नाही. आपण पहिल्या फेरीत थोडकं घेऊन येतो, दागिने लॉकरमध्ये राहतात, दुसरी यादी कोरीच जाते. पुढच्या दिवाळीला सासूबाई प्रेमानं मोहनमाळ आणि पाटल्या पर्समध्ये घालून देतात आणि टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर ताई अडकते. तेव्हा लॉकरमधलं सगळं दुसऱ्या यादीत उतरवा. नुसतं 'गोल्ड नेकलेस' लिहून चालत नाही. सराफाकडून वजन आणि किंमत इंग्रजीत लिहून घ्या, प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा. एकाच नगाची किंमत दहा हजार डॉलरच्या वर असेल तर वरच्या रकमेवर ड्यूटी बसते, म्हणून तोड्यांची जोडी आणि मंगळसूत्र एकाच ओळीत कोंबू नका. कस्टम्सनं शिक्का मारलेली यादी जपून ठेवा. रोख, ड्राफ्ट वगैरे मिळून दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा जास्त आणत असाल तर सांगा. सांगितलं तर त्यावर कर नाही. लपवलेलं सापडलं तर जप्ती आणि दंड.

ऑन्टारियोत आल्या आल्या आरोग्य विम्याचा अर्ज करता येतो; तीन महिने थांबायची अट २०२० मध्ये गेली. ब्रिटिश कोलंबियात मात्र आलेल्या महिन्याचे उरलेले दिवस आणि वर दोन महिने थांबावं लागतं, तेवढ्यासाठी खासगी विमा घ्याच. लेकरं अठरा वर्षांखालची असतील तर बालभत्त्याचा अर्ज करा. आपोआप सुरू होत नाही, आणि 'सरकारकडून कशाला मागायचं' या आपल्या मध्यमवर्गीय संकोचात वर्ष घालवलेली घरं मला माहीत आहेत.

तू परत जवळ ये. करांचं थोडं कंटाळवाणं आहे, पण ऐक. कॅनडाची रहिवासी म्हणून तुझं जगभरचं उत्पन्न इथल्या विवरणात येतं. पुण्यातला भाड्यानं दिलेला फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, शेअर्स असं मिळून घेतलेल्या किमतीनं (रहिवासी होण्याआधीपासून असेल त्याचा रहिवासी झालीस त्या दिवशीचा बाजारभाव धरून) एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेलं तर टी-११३५ नावाचा फॉर्म भरायचा असतो. त्यानं कर वाढत नाही, फक्त माहिती द्यायची. न दिल्यास दिवसाला २५ डॉलर दंड, अडीच हजारांपर्यंत. रहिवासी झाल्याचं पहिलं वर्ष सुटतं. पण हे रहिवासीपण पीआरच्या तारखेपासून मोजत नाहीत, इथे घर करून राहायला लागलीस तेव्हापासून मोजतात. म्हणजे तुझं पहिलं वर्ष कदाचित केव्हाच सरलं. ३० एप्रिलच्या आदल्या रात्री नव्हे, फेब्रुवारीत कुणा जाणकाराला विचार.

भारतातलं जुनं बचत खातं अजून 'निवासी' म्हणूनच चालू असेल तर ते एनआरओ करून घे. पीआर नव्हती तेव्हाही ते करायलाच हवं होतं. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं. आणि बाबा म्हणाले की गावाकडे दोन एकर तुझ्या नावावर घेऊ, तर प्रेमानं नको म्हण. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं सातबाऱ्यावर नाव लागलं तर गोष्ट वेगळी.

एक वही कर. किंवा फोनमध्ये, पण मला वहीच आवडते. देशाबाहेर गेलीस की जाण्याची आणि येण्याची तारीख लिही. पाच वर्षांत ७३० दिवस इथे राहिलीस की पीआर टिकते. कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर संपत नाही, कार्ड नवं काढायचं. नागरिकत्वासाठी अर्जाआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस लागतात, त्यात वर्क परमिटवरचे किंवा शिकतानाचे दिवस अर्धे धरतात, जास्तीत जास्त ३६५. ते नागरिकत्व घ्यायचं की नाही यावर आज डोकं शिणवू नकोस. घेतलंस की भारताचं जातं, त्यामुळे तो निर्णय सावकाश, घरच्यांशी बोलून. तोवर तुझा पासपोर्ट भारताचाच आहे, आणि तो वेळेवर नवा करणं तुझ्याकडेच आहे.

आता ज्याची तू वाट बघत होतीस ते. पीआर झालीस म्हणजे आईबाबांना सुपर व्हिसावर बोलवायला तू पात्र झालीस. उत्पन्नाची अट आहे, ती घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरते, आणि मोजताना आईबाबाही त्यात येतात. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा घ्यावा लागतो, आणि तो घेताना फॉर्ममध्ये आधीच्या आजारांचा रकाना असतो. बाबांचा मधुमेह 'गोळीवर कंट्रोलमध्ये आहे, लिहायची काय गरज' म्हणून ते गाळायला सांगतील. तू लिही. हप्ता वाढेल. नाही लिहिलंस तर इथल्या हॉस्पिटलात चार दिवस काढल्यावर विमा कंपनी त्यांच्या भारतातल्या डॉक्टरांचे कागद मागवेल, आणि बिल तुझ्या नावावर येईल.